‘सबमिट दाबलं तरी काहीच होत नाही’: ऑनलाइन अर्ज अडतो तेव्हा काय तपासायचं

कॉलेजचा प्रवेशअर्ज असो, पतसंस्थेचं खातं असो की नगरपालिकेची तक्रारनोंद, तक्रार साधारण याच शब्दांत येते. त्यावर कार्यालयाचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय.’ तिथे ते चालतं, कारण तिथे हातात माउस असतो, समोर मोठा मॉनिटर असतो आणि फॉर्म बनवणाऱ्याला पुढचा रकाना कोणता हे पाठ असतं. डोळ्यांनी न दिसणारे, कमी दिसणारे, हात थरथरणारे, एका हाताने टाइप करणारे, किंवा पासष्टीनंतर पहिल्यांदाच मोबाइलवर अर्ज भरणारे लोक त्याच फॉर्मवर अडतात. बिघाड बहुतेक वेळा त्यांच्या यंत्रात नसतो. तो फॉर्ममध्ये असतो, आणि त्याच दहा-बारा जागी पुन्हा पुन्हा सापडतो.

तक्रार कोणत्या शब्दांत आली ते आधी जसंच्या तसं लिहून घ्या. त्यावरून निम्मं निदान होतं.

- ‘सबमिट दाबलं, काहीच झालं नाही.’ चूक दाखवणारा संदेश पडद्यावर वर कुठेतरी आला आहे आणि माणूस खाली आहे. नाहीतर घोषणापत्राची चौकट टिक झालेली नाही.
- ‘सबमिटचं बटणच सापडत नाही.’ सगळं बरोबर भरेपर्यंत बटण निष्क्रिय ठेवलं आहे. कीबोर्डवरच्या टॅब कळेने पुढे सरकताना निष्क्रिय बटणावर टॅब थांबत नाही.
- ‘स्क्रीन रीडर नुसतं एडिट, ब्लँक म्हणतो.’ स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. इथे रकान्याला लेबल, म्हणजे त्याचं नाव, जोडलेलं नाही.
- ‘मराठी वाचतच नाही, भलतंच काहीतरी बोलतो.’ पानाची भाषा चुकीची लिहिली आहे किंवा फॉन्ट जुना आहे.
- ‘जिल्हा निवडताना पान परत वर जातं.’ ड्रॉपडाउन, म्हणजे खाली उघडणारी यादी.
- ‘जन्मतारीख टाकताच येत नाही.’ कॅलेंडर.
- ‘नाव अवैध म्हणतो.’ पडताळणीचा नियम मराठीचा विचार न करता लिहिला आहे.
- ‘भरलेलं सगळं गेलं.’ वेळमर्यादा, किंवा सबमिटला चिकटून ठेवलेलं रीसेट बटण. हे बटण तर आजच काढून टाका. भरलेला अर्ज एका फटक्यात पुसायची गरज जवळपास कुणालाच नसते.

आता तपासण्या. क्रम फुकट आणि सोप्यापासून खर्चिक आणि अवघड असा आहे. मधली पायरी गाळू नका, कारण पहिल्या तीन तपासण्यांतच बरेचसे दोष हाती लागतात.

माउस बाजूला ठेवा

खर्च शून्य, वेळ पाच-सात मिनिटं. माउसची वायर काढा आणि पूर्ण अर्ज फक्त कीबोर्डवर भरा. टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, चौकटीवर टिक करायला स्पेस, बटणासाठी एंटर किंवा स्पेस, ड्रॉपडाउनमध्ये बाणाच्या कळा. स्क्रीन रीडर वापरणारे, हाताची हालचाल मर्यादित असणारे आणि स्विचसारखी (एकदोन बटणांवर चालणारी) साधनं वापरणारे लोक बव्हंशी याच वाटेने जातात. इथे अडलं तर पुढच्या तपासण्यांना अर्थ नाही.

पाहायचं काय? पहिलं म्हणजे, आपण आत्ता कुठे आहोत हे दिसतं का. ब्राउझर स्वतःहून रकान्याभोवती चौकट दाखवतो, पण ती ‘बरी दिसत नाही’ म्हणून डिझायनर स्टाइलशीटमध्ये ‘आउटलाइन नन’ लिहून मोकळा होतो. ती ओळ काढा. तिच्या जागी दोन पिक्सेल जाडीची ठळक रेघ दिली तरी चालेल.

दुसरं, क्रम. नावानंतर थेट पिनकोडवर उडी आणि मग मागे पत्त्यावर, असं होत असेल तर दिसणारी मांडणी आणि कोडमधला क्रम वेगळा आहे. कोडमध्ये टॅबचा क्रम ठरवणाऱ्या ‘टॅबइंडेक्स’ला एक, दोन, तीन असे आकडे देऊन हे सुधारू नका. नवा रकाना आला की ते गणित बिघडतं. कोडमधला क्रमच सरळ करा.

तिसरं, आणि सबमिट न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण: शेवटची ‘वरील माहिती खरी आहे’ ही चौकट. सुंदर हिरवी टिक दाखवण्यासाठी मूळ चेकबॉक्स ‘डिस्प्ले नन’ करून लपवतात आणि त्याच्या जागी चित्र ठेवतात. माउसने ते चालतं, कीबोर्डला मात्र तिथे काही अस्तित्वातच नसतं. टॅब त्या चौकटीला वळसा घालून पुढे जातो, फॉर्म ‘घोषणा मान्य करा’ म्हणत राहतो. मूळ चेकबॉक्स जागेवर ठेवून त्यालाच रंगरूप द्या. ‘अटींच्या तळापर्यंत गेल्यावरच टिक करता येईल’ हा प्रकार त्याच माळेतला. तोही काढा.

एक गैरसमज इथेच दूर करू. रेडिओ बटणांच्या गटात टॅब एकदाच थांबतो आणि पुढची निवड बाणांनी होते. हा बिघाड नाही, असंच असायला हवं. काही जण तो ‘दुरुस्त’ करायला जातात आणि चालणारा फॉर्म मोडून ठेवतात.

लेबलवर क्लिक करा

ही दहा सेकंदांची परीक्षा आहे. ‘मोबाइल क्रमांक’ या शब्दांवर क्लिक करा. कर्सर शेजारच्या रकान्यात गेला तर लेबल जोडलेलं आहे. काहीच झालं नाही तर ते नुसतंच शेजारी लिहिलेलं आहे, आणि स्क्रीन रीडरला या दोघांचा संबंध कळायला मार्ग नाही. कोडमध्ये लेबलच्या ‘फॉर’मध्ये आणि रकान्याच्या ‘आयडी’मध्ये एकच नाव लिहा, काम झालं. अर्जदार आणि पालक असे दोन भाग कॉपी-पेस्ट करून केले असतील तर दोन्हीकडे एकच आयडी राहून गेला आहे का तेही बघा. तसं असेल तर पालकांच्या नावावर क्लिक केल्यावर कर्सर अर्जदाराच्या रकान्यात जाऊन बसतो.

रकान्याच्या आत फिकट अक्षरात लिहिलेला प्लेसहोल्डर म्हणजे लेबल नव्हे. टाइप करायला लागलं की तो नाहीसा होतो. मधे फोन आला आणि परत येऊन पाहिलं, तर या रकान्यात आईचं नाव लिहायचं होतं की वडिलांचं, हे धडधाकट डोळ्यांनाही कळत नाही.

‘होय/नाही’सारख्या गटाचं दुखणं थोडं वेगळं. दोन्ही बटणांना लेबल असतं, पण प्रश्न सुटा राहतो. ऐकणाऱ्याला फक्त ‘होय’ ऐकू येतं. कशाला होय, ते नाही. पूर्ण गट ‘फील्डसेट’मध्ये घालून प्रश्न ‘लेजंड’मध्ये लिहा.

मोठं करा, रंग काढा

ब्राउझरची खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवून ४०० टक्के झूम करा. ही रुंदी ३२० पिक्सेलच्या मोबाइलएवढी होते, म्हणजे एकाच तपासणीत कमी दिसणाऱ्यांचा आणि लहान फोनवाल्यांचा प्रश्न कळतो. आडवं सरकावं लागत असेल, लेबल आणि रकाना एकमेकांवर चढत असतील, किंवा वर चिकटलेली पट्टी अर्धा पडदा खात असेल, तर मांडणी एका स्तंभात आणा. फॉर्मला दोन स्तंभ शोभतात, उपयोगी क्वचितच पडतात.

मग पडद्याचं चित्र काळं-पांढरं करून बघा. कोणते रकाने चुकले हे अजूनही ओळखता येतं का? ‘लाल रंगातले रकाने भरा’ ही सूचना लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्याला निरुपयोगी आहे. रंगासोबत शब्द हवा: ‘चूक:’ किंवा ‘आवश्यक’.

साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ लागतो. पांढऱ्यावर शुद्ध लाल जेमतेम ४ : १ भरतो, म्हणजे चूक सांगणारे संदेश ज्या रंगात सर्रास लिहिले जातात तोच नापास. थोडा गडद लाल घ्या. राखाडीमध्ये हॅश ७६७६७६ या कोडचा रंग ही पांढऱ्यावरची हद्द समजा, त्याहून फिकट नको. बटणं आणि चौकटी निदान २४ × २४ पिक्सेलच्या हव्यात. थरथरणाऱ्या बोटासाठी ४४ पिक्सेल अधिक बरे.

मराठीची स्वतंत्र तपासणी

इंग्रजी फॉर्मसाठी लिहिलेल्या याद्यांत हा भाग सापडत नाही आणि आपल्याकडे तर निम्मं दुखणं इथेच असतं.

पानावरची एक मराठी ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात आहे. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला तर तो मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. डोळ्यांना ती मराठी दिसते, स्क्रीन रीडरला मात्र तो कालाच वाचावा लागतो. डीटीपीवाल्याकडून आलेली सूचनापत्रं जशीच्या तशी चिकटवली की हे होतं. यावर उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. रूपांतराची साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात. सूचना चित्राच्या रूपात टाकल्या असतील तर त्या पुन्हा टाइप करा.

त्यानंतर पानाची भाषा. मुख्य एचटीएमएल टॅगमध्ये ‘लँग’ची किंमत ‘एमआर’ आहे का? इंग्रजी टेम्पलेट उचललेलं असेल तर तिथे ‘ईएन’ राहून गेलेलं असतं. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो आणि देवनागरीपुढे गप्प बसतो किंवा अक्षरागणिक भलतंच उच्चारतो. दोन अक्षरांची दुरुस्ती आहे, पण फरक पूर्ण फॉर्मभर पडतो.

आता नावं. गोऱ्हे, कुऱ्हाडे, क्षीरसागर ही तीन आडनावं टाकून बघा. पडताळणीच्या नियमात फक्त ‘अक्षर’ हा युनिकोड वर्ग घेतला असेल तर काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांपाशी नाव अडकतं, कारण ते ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात मोडतात. दोन्ही वर्गांना परवानगी द्या. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ काही कीबोर्डवर र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने उमटतात. ते अदृश्य चिन्ह नियमात बसलं नाही तर गोऱ्ह्यांना त्यांचं नाव दिसायला बरोबर असूनही ‘अवैध अक्षर’ असा शेरा मिळतो, आणि काय चुकलं ते त्यांना काय, तुम्हालाही दिसत नाही.

लांबीचंही तसंच. ‘क्षीरसागर’ आपण पाच अक्षरं मोजतो. संगणकाला ती नऊ चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत २७ बाइट. डेटाबेसमध्ये नावासाठी ३० बाइटचा रकाना ठेवला असेल तर आडनावालाच तो भरत आला, पुढचं नाव कापलं जाणार.

आकडे: मराठी कीबोर्डवरून ९८… असं देवनागरीत टाइप करणारे पुष्कळ आहेत. ‘नंबर’ प्रकारचा रकाना देवनागरी आकडे बहुधा घेत नाही. शिवाय त्यात वर-खाली बाण दाबला की आकडाच बदलतो, त्यामुळे वाचायला म्हणून बाण दाबणाऱ्याचा पिनकोड त्याच्या नकळत एकाने वाढतो. रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा, ‘इनपुटमोड’ ‘न्यूमेरिक’ द्या आणि दोन्ही प्रकारचे आकडे घेऊन सर्व्हरवर एकसारखे करा. आधार क्रमांक १२ अंकी असला तरी कार्डावर चार-चारच्या गटात छापलेला असतो. रकान्याची मर्यादा १२ ठेवली तर मोकळ्या जागांसह चिकटवलेल्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे गळतात. मर्यादा सैल ठेवा, मोकळ्या जागा तुम्ही काढा. ते काम यंत्राचं आहे, अर्जदाराचं नाही.

रिकामा अर्ज सबमिट करा

काहीही न भरता सबमिट दाबा आणि तीन गोष्टी बघा. नजर किंवा कर्सर चुकीपाशी नेला जातो का? कोणत्या रकान्यात काय चुकलं हे शब्दांत सांगितलं जातं का? आणि दोन रकाने भरून पुन्हा सबमिट केल्यावर आधी भरलेलं टिकतं का?

चालणारी रचना अशी: वर चुकांची यादी, तिच्यातली प्रत्येक ओळ त्या त्या रकान्याकडे नेणारी लिंक, आणि सबमिट होताच कर्सर त्या यादीवर. रकान्याखालीही तोच संदेश असावा, आणि तो ‘एआरिया-डिस्क्राइब्डबाय’ने रकान्याला जोडलेला असावा (एआरिया म्हणजे स्क्रीन रीडरसाठी कोडमध्ये लिहायच्या खुणा). टॅबने फिरणाऱ्या स्क्रीन रीडरवाल्याला दोन रकान्यांमधला सुटा मजकूर ऐकू येत नाही. ‘फोटो ५० केबीपेक्षा लहान हवा’ ही सूचना रकान्याखाली सुटी लिहिली तर ती त्याच्यासाठी लिहिलेलीच नाही. ‘अवैध माहिती’ असं लिहू नका. ‘पिनकोड सहा अंकी हवा, तुम्ही पाच अंक भरले आहेत’ असं लिहा. कोपऱ्यात तीन सेकंद चमकून जाणारा संदेश कुणाच्याच कामाचा नाही. सबमिट बटण कायम सक्रिय ठेवा. दाबू द्या, आणि चूक सांगा.

तारीख आणि जिल्हा

जन्मतारखेच्या रकान्यात टाइप करण्याची बंदी आणि फक्त कॅलेंडर, असं असेल तर हिशोब करून बघा. १९५८ साली जन्मलेल्या माणसाला २०२५मधून एकेक महिना मागे जायला सुमारे आठशे वेळा बटण दाबावं लागतं. माहीत असलेल्या तारखेसाठी कॅलेंडर लागतच नाही. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने द्या आणि शेजारी नमुना लिहा. कॅलेंडर भेटीची वेळ ठरवायला ठीक आहे.

जिल्हा-तालुका ही जोडी मात्र खास आपल्याकडची अडचण. जिल्हा बदलला की तालुके आणायला पान पुन्हा लोड होतं. माउसवाला ३६ जिल्ह्यांतून थेट सोलापूर निवडतो. कीबोर्डवाला बंद ड्रॉपडाउनवर खालचा बाण दाबतो, पहिलाच ‘अकोला’ निवडला जातो, पान लोड होतं, कर्सर वर उडतो. सोलापूरपर्यंत तो पोहोचतच नाही. कामचलाऊ सुटका म्हणजे ऑल्ट आणि खालचा बाण दाबून यादी आधी उघडायची आणि मग निवडायची. तक्रार करणाऱ्याला फोनवर हे सांगता येईल. खरी दुरुस्ती अशी: पान लोड न करता तालुके मागून आणा आणि कर्सर हलवू नका, किंवा ‘तालुके दाखवा’ असं वेगळं बटण द्या.

आता स्क्रीन रीडर

विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. सुरू करण्याआधी बंद कसा करायचा ते शिका: इन्सर्ट आणि क्यू. त्याच्या टूल्स मेनूतला स्पीच व्ह्यूअर उघडला की तो जे बोलतो ते लिहूनही दिसतं. कार्यालयात आवाज नको असेल तर ते सोयीचं. ‘एफ’ कळेने एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जा. प्रत्येक ठिकाणी नाव, प्रकार आणि ‘आवश्यक’ हे तिन्ही ऐकू यायला हवं. अँड्रॉइडवर आवाजाच्या दोन्ही कळा तीन सेकंद दाबून टॉकबॅक हा फोनमधला स्क्रीन रीडर सुरू होतो, पण बऱ्याच फोनवर हा शॉर्टकट आधी सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. उजवीकडे सरकवलं की पुढे, दोनदा टकटक केली की निवड. अर्ज मुख्यतः फोनवर भरला जात असेल तर टॉकबॅकची तपासणी टाळू नका.

ओटीपी, कॅप्चा, वेळ

ओटीपीसाठी सहा सुटे खण दिसायला छान, पण चिकटवणं बिघडतं आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक खण ‘एडिट, ब्लँक’. एकच रकाना द्या, ‘ऑटोकम्प्लीट’ला ‘वन-टाइम-कोड’ लिहा, पेस्ट बंद करू नका. नुसत्या चित्राचा कॅप्चा (माणूसच आहे ना, हे पाहायला वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारी चाचणी) म्हणजे न दिसणाऱ्यासाठी कुलूपबंद दार. छोट्या संस्थेच्या फॉर्मला तो बहुधा लागतच नाही. ओटीपी घेताच आहात तर कॅप्चा कशाला?

वेळ संपत आली तर आधी सांगा, एका कळेने मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्या आणि अशी वाढ किमान दहा वेळा मिळू द्या. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतली ही किमान अट आहे. मसुदा जतन करण्याची सोय असेल तर उत्तमच.

सही अपलोड करायला लावत असाल तर अंगठ्याचा ठसा चालतो हे तिथेच लिहा. फोटो लहान करण्याचं काम सर्व्हरवर घ्या.

गूगल फॉर्म असेल तर

कोड तुमच्या हातात नाही, म्हणून लेबल आणि कीबोर्डची दुरुस्तीही नाही. तुमच्या हातात प्रश्नाची भाषा, वर्णन आणि चूक सांगणारा संदेश एवढंच. ‘रिस्पॉन्स व्हॅलिडेशन’मध्ये संदेश मराठीत लिहा, प्रश्न चित्रातून विचारू नका, तक्त्यासारखे आडवे-उभे प्रश्न मोडून सुटे करा. फाइल मागितली की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, हे लक्षात ठेवा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पैसे भरण्याच्या पानावर कीबोर्ड अडकत असेल तर हात लावू नका. ते पान पेमेंट कंपनीचं असतं, तिथूनच दुरुस्ती व्हायला हवी. ड्रॉपडाउन, कॅलेंडर किंवा शोधयादी जावास्क्रिप्टने शून्यातून बनवलेली असेल तर अंदाजाने एआरिया चिकटवत बसू नका. चुकीचा एआरिया नसलेल्यापेक्षा वाईट, कारण स्क्रीन रीडर खोटं बोलायला लागतो. भरायचे पीडीएफ अर्ज आणि चेहरा दाखवून होणारी ओळखपडताळणी हीसुद्धा घरगुती दुरुस्तीची कामं नव्हेत. पापण्या मिटण्याच्या अटीवर अडलेल्या अर्जदारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ३० एप्रिल २०२५च्या निकालात डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरला.

सरकारी संकेतस्थळ असेल तर जीआयजीडब्ल्यू (सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं) आणि आयएस १७८०२ (डिजिटल सुलभतेचं भारतीय मानक) यांनुसार रीतसर तपासणी लागते. ती बाहेरच्या प्रशिक्षित तपासनीसाकडूनच करून घ्या. कोपऱ्यात निळा माणूस दाखवणारं ‘एका ओळीत सुलभता’वालं प्लगइन मात्र विकत घेऊ नका. अक्षर मोठं करणं ब्राउझरला येतंच, आणि गोऱ्ह्यांचं अडलेलं आडनाव त्या प्लगइनने सुटत नाही.

जाणकाराकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या: तक्रार करणाऱ्याचे मूळ शब्द, यंत्र आणि ब्राउझर, स्क्रीन रीडर कोणता, आणि नेमका कोणत्या रकान्यावर अडलं. दुरुस्ती झाली की तो अर्ज आधी त्याच तक्रारदाराकडून भरून घ्या, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.